मुळ्याच्या वाफ्यातून वंशवृक्षापर्यंत : मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकसंचावरून करवती माश्यांची नाती कशी शोधावीत

थंडी पडली की कृष्णाकाठच्या मळ्यांत, कराडपासून खाली वाळव्यापर्यंत कुठंही, मुळ्याच्या पानांची चाळण झालेली दिसते. दव असतानाच वाफ्यात उकिडवं बसायचं आणि पान हलकेच उलटायचं. काळपट हिरव्या, सुरकुतलेल्या अंगाची, पाठीवर पाच काळ्या रेघा असलेली अळी पान कुरतडत असते. बोट लावलं की ती अंगाची गुंडाळी करून मातीत पडते आणि मेल्यासारखी निपचित राहते. शेतकरी तिला नुसतं ‘काळी अळी’ म्हणतात. शेतीच्या पुस्तकांत ती ‘मोहरीवरील करवती माशी’, म्हणजे मस्टर्ड सॉफ्लाय. शास्त्रीय नाव अथालिया प्रॉक्सिमा. जुन्या पुस्तकांत अथालिया ल्युजेन्स प्रॉक्सिमा असं सापडेल.

मी साताऱ्यात प्राणीशास्त्र शिकवतो. एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय मागायला येतात, तेव्हा दरवर्षी मी निदान एकाला तरी या अळीकडे पाठवतो. मुळ्याचा वाफा सगळ्यांच्या पोचेत आहे, आणि त्यातल्या या किड्यापासून निघून मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या वंशाच्या अगदी मुळाशी जाता येतं. ते कसं जायचं हे मी इथं कामाच्या क्रमानं लिहितो आहे. मोजके पैसे, एक बरा लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी असलेल्या माणसाला हे जमतं.

ही अळी कोणाची?

पहिली तपासणी शेतातच करा. दहा रुपयांच्या भिंगातूनही पोटाखालचे मांसल पाय मोजता येतात. पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अळीला अशा पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. हिला आठ आहेत. पतंगाच्या अळीच्या पायांना टोकाशी बारीक आकडे असतात, हिच्या पायांना नाहीत. डोक्याकडे पाहा: पतंगाच्या अळीला प्रत्येक बाजूला बहुधा सहा बारीक नेत्रबिंदू असतात, हिला एकच ठळक काळा ठिपका. एवढं पाहिलं की ही पतंगाची नव्हे, मधमाश्या-मुंग्यांच्या गणातली, म्हणजे हायमेनॉप्टेरातली अळी आहे हे पक्कं होतं.

प्रौढ माशी नारिंगी पिवळी, डोकं काळं, पंख धुरकट. कुंभारणीसारखी बारीक कंबर तिला नसते. छाती आणि पोट एकमेकांना रुंद चिकटलेली. मादीच्या पोटाच्या टोकाशी दातेरी पातं असतं. त्यानं ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि एकेक अंडं आत सरकवते. करवती माशी हे नाव त्या पात्यावरून आलं.

जगात करवती माश्या आणि त्यांच्या लाकूड पोखरणाऱ्या भावंडांच्या आठ हजारांवर प्रजाती माहीत आहेत. या सगळ्यांना पूर्वी सिम्फायटा या एका उपगणात टाकत. पण हा उपगण वंशाच्या दृष्टीनं पूर्ण नाही. बारीक कंबरेचे सगळे कीटक करवती माश्यांच्याच एका फांदीतून पुढं निघाले. म्हणजे काही ‘करवती माश्या’ इतर करवती माश्यांपेक्षा मुंगीला जास्त जवळच्या आहेत. ओरुसिडी हे छोटं परजीवी कुळ त्यातलं सर्वांत जवळचं. कोणतं कुळ कुठं बसतं, हाच सगळा वाद आणि हीच सगळी मजा आहे.

मायटोकॉन्ड्रियाच का?

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या तंतुकणिकांना स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. कीटकांत तो साधारण पंधरा-सोळा हजार अक्षरांचा, कधी वीस हजारांपर्यंत. त्यात ३७ जनुकं: प्रथिनांची १३, टी-आरएनएची २२, आर-आरएनएची २ (हे दोन्ही आरएनए प्रथिनं बांधायच्या कामात लागतात), आणि एक नियंत्रक पट्टा. हा संच बहुतेक सगळ्या प्राण्यांत तोच असल्यामुळे मुळ्यावरच्या माशीचं जनुक ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीवरच्या माशीच्या त्याच जनुकाशेजारी ठेवता येतं. प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या, थोड्या खराब नमुन्यातूनही तो मिळतो. तो आईकडूनच येतो आणि त्यात सरमिसळ जवळपास होत नाही.

कीटकाचा पहिला पूर्ण मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच १९८५ साली ड्रॉसोफिला याकुबा या फळमाशीचा वाचला गेला, १६,०१९ अक्षरांचा. मधमाशीचा १९९३ मध्ये आला. करवती माशीची पाळी यायला २००५ उजाडलं. ती होती ऑस्ट्रेलियातली पेर्गा कोंडेई. आता अनेक कुळांतले संच जेनबँक या डीएनए-क्रमांच्या जागतिक साठ्यात फुकट मिळतात आणि त्यामुळेच आपल्यासारख्यांना हे काम करता येतं.

आधी प्रश्न ठरवा

इथं घाई करू नका. ‘करवती माश्यांचा वंशवृक्ष काढायचा आहे’ हा प्रश्न झाला नाही. चांगला प्रश्न असा: अथालिया ही टेन्थ्रेडिनिडी या मोठ्या कुळाच्या आत बसते की बाहेर?

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ही माशी अजून टेन्थ्रेडिनिडी कुळात आहे. पण रेणूंवर आधारलेल्या अभ्यासांत ती वारंवार त्या कुळाच्या मुख्य गटाबाहेर पडत राहिली आणि २०२२ साली जनुकसंचांच्या पुराव्यावर अथालिडी या स्वतंत्र कुळाचा दर्जा उचलून धरला गेला. आपल्या वाफ्यातली अळी आज अभ्यासकांच्या चर्चेत आहे ती अशी. तिथल्या नव्या नमुन्याचा जनुकसंच वाचून, तेच उत्तर येतं का हे तपासणं हा पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेसा आणि प्रामाणिक प्रश्न आहे.

कुळांच्या पातळीवर मायटोकॉन्ड्रिया बऱ्यापैकी विश्वासाचा आहे. त्याहून खोल गेलात, म्हणजे कीटकांच्या गणांची आपसातली नाती विचारलीत, तर तो गोंधळतो. त्याची कारणं झाड बांधण्याच्या टप्प्यावर येतील. पहिल्याच प्रकल्पात खोल पाण्यात उतरू नका, एवढंच आत्ता सांगतो.

शेतातलं काम

मुळा, मोहरी, नवलकोल, सलगम ही झाडं शोधा. कोबीच्या शेतात चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी सापळा पीक म्हणून मोहरीच्या ओळी लावतात. त्या ओळी आधी पाहा. सकाळ आणि संध्याकाळ ही वेळ, कारण दुपारी अळ्या मातीच्या ढेकळांखाली किंवा पानांच्या बेचक्यात जातात. फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारा आणि शेतात पाऊल टाकण्याआधी त्याची परवानगी घ्या. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान किंवा कुठलाही राखीव भाग असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आल्याशिवाय एक मुंगीही उचलू नये. नमुना किंवा त्याचा डीएनए परदेशी पाठवायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. प्रकल्प देशातच पूर्ण होतो, त्यामुळे त्या वाटेला न जाणं उत्तम.

आपल्या भागात करवती माश्यांची विविधता हिमालयाइतकी नाही. हा गट थंड, समशीतोष्ण प्रदेशांत जास्त बहरलेला आहे. सबंध हिवाळ्यात तुम्हाला एक-दोन प्रजातीच मिळतील, तेव्हा निराश होऊ नका. गुलाबाच्या कोवळ्या फांदीवर चेनसारखा लांब चिरलेला व्रण दिसला तर आर्गिडी कुळातली माशी मिळण्याची आशा ठेवा. बाकीच्या प्रजाती जेनबँकेतून यायच्या आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगतो: अळ्या घरी आणून वाढवा आणि प्रौढ माशी मिळवा. प्लॅस्टिकचा डबा, तळाशी चार बोटं ओलसर बारीक माती, वर मुळ्याची ताजी पानं, तोंडाला मलमलीचं फडकं. पानं रोज बदला, विष्ठा काढा, मातीवर पाणी शिंपडा पण चिखल करू नका. अळी पूर्ण वाढली की खाणं सोडते, मातीत शिरते आणि मातीच्या कणांचा छोटा कोश करून आत बसते. डबा हलवू नका. काही दिवसांनी नारिंगी माशी फडक्याला चिकटलेली दिसेल. ओळख पटवण्याच्या किल्ल्या प्रौढ माशीच्या पंखांच्या शिरा, पाय आणि मादीच्या करवतीवर बेतलेल्या असतात. अळीवरून प्रजाती सांगणं धोक्याचं आहे.

अळी न वापरण्याचं दुसरं कारण मी ठेच लागून शिकलो. आमच्या एका विद्यार्थिनीनं वेळ वाचवायला सबंध अळीतून डीएनए काढला. जनुकसंच जोडून आला तेव्हा त्यात कॉक्स१ हे जनुक दोन वेगवेगळ्या रूपांत होतं. एक अथालियाचं. दुसरं इक्न्यूमोनिडी कुळातल्या परजीवी माशीशी जुळणारं. अळीच्या पोटात परजीवीची अळी वाढत होती आणि आम्ही दोघींनाही एकत्र वाटलं होतं! मोहरीच्या करवती माशीवर पेरिलिसस सिंग्युलेटर हा परजीवी असतो हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो होतो, पण नमुना घेताना ते आठवलं नाही. दोन्ही कीटक एकाच गणातले, जनुकं सारखी दिसणारी. नीट पाहिलं नसतं तर अर्धं जनुक एकीचं आणि अर्धं दुसरीचं असा संच छापला गेला असता. शिवाय अळीच्या आतड्यात मुळ्याचं पान असतं, म्हणजे वनस्पतीचा डीएनएही त्यातच. तेव्हापासून आमचा नियम आहे: प्रौढ माशी, तिच्या छातीचे स्नायू किंवा एका बाजूचे पाय, पोट बाजूला.

बाटली आणि लेबल

माशी जिवंत असतानाच ९५ टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या इथेनॉलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण माशीच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं. मग उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. फॉर्मालिन अजिबात नको, ते डीएनएचे तुकडे करतं आणि त्याला प्रथिनांशी बांधून टाकतं. प्रयोगशाळेतल्या निळसर डिनेचर्ड स्पिरिटचाही मोह टाळा. एका वर्षी चांगली इथेनॉल संपली म्हणून आमच्याकडे तेच वापरलं गेलं आणि तीन महिन्यांनी जेलवर एकही स्वच्छ पट्टा दिसला नाही. सगळा हंगाम गेला.

लेबल पेन्सिलनं, जाड कागदावर, बाटलीच्या आत. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, यजमान झाड, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. ज्या माशीचा डीएनए काढला तिचं उरलेलं शरीर टाचणीवर लावून जपा. या पुरावा-नमुन्याशिवाय तुमचा क्रम कुणाचा आहे हे पुढं कुणालाही तपासता येणार नाही.

डीएनए काढणं आणि वाचून घेणं

सिलिका-स्तंभाच्या साध्या किटनं काम भागतं. ऊतक बारीक करा, प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा, सकाळी किटच्या कागदाप्रमाणे पुढं जा. डीएनए किती निघाला याचं मोजमाप क्युबिट या यंत्रावर करा. नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र शुद्धता सांगतं, पण इतक्या कमी डीएनएचं प्रमाण फुगवून दाखवतं.

सगळं पाठवण्याआधी एक तपासणी स्वस्तात होते. कॉक्स१ च्या ६५८ अक्षरांचा बारकोड पट्टा, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात तो तुकडा, १९९४ पासून सगळे वापरतात त्या फॉल्मरच्या प्रायमरांनी (पट्ट्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए-तुकडे) पीसीआर करून, म्हणजे त्याच्या प्रती वाढवून, वाचून घ्या आणि बोल्ड या बारकोडांच्या साठ्यात व जेनबँकेत शोधा. नमुना अथालियाचाच आहे, मिसळ नाही, हे इथंच कळतं. तोच पट्टा पुढं जुळणीच्या वेळी बीज म्हणून कामाला येतो.

आता मुख्य वाचन. पूर्वी लांब पीसीआर करून तुकड्या-तुकड्यानं जनुकसंच वाचत. आता एकूण डीएनएचं उथळ वाचन करून घेणं सोपं पडतं. हिशेब करून पाहू. अथालियाच्या युरोपातल्या भावंडाचा, अथालिया रोझीचा, केंद्रकातला जनुकसंच साधारण १७ कोटी अक्षरांचा आहे. समजा तुम्ही दीडशे-दीडशे अक्षरांच्या १ कोटी जोड्या मागवल्या. म्हणजे ३०० कोटी अक्षरं. त्यातली एक टक्का जरी मायटोकॉन्ड्रियाची निघाली तरी ३ कोटी, आणि सोळा हजारांच्या संचावर ती पसरली तर प्रत्येक अक्षर सरासरी १,८७५ वेळा वाचलं जातं. शंभर वेळाही पुरलं असतं. म्हणून सेवा देणारे जास्त वाचन गळ्यात मारायला लागले तर नम्रपणे नाही म्हणा. कच्च्या वाचनाच्या फाइली मात्र आग्रहानं मागून घ्या. नुसता अहवाल घेऊन परत येऊ नका.

तुकडे जोडणं

संगणकावर फास्टक्यूसी या साधनानं वाचनांचा दर्जा पाहा, फास्टपीनं अ‍ॅडॉप्टर आणि खराब टोकं छाटा. जोडणीसाठी गेटऑर्गनेल प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या पर्यायासह चालवा, आणि तोच डेटा नोव्होप्लास्टीतून तुमच्या बारकोडचं बीज देऊन पुन्हा चालवा. दोन स्वतंत्र पद्धतींनी एकच उत्तर आलं की मन स्वस्थ होतं. महाविद्यालयात ताकदीचा संगणक नसेल तर गॅलॅक्सी या मोफत सर्व्हरवर ब्राउझरमधूनच यातलं बरंचसं होतं. आमच्याकडे रात्री, इंटरनेटवर गर्दी नसताना, फाइली चढवून ठेवतो.

मिळालेला संच गोल आहे का पाहा: दोन्ही टोकांची अक्षरं एकमेकांवर चढली पाहिजेत. करवती माश्यांत बहुतेक वेळा अडचण नियंत्रक पट्ट्यात येते. तिथं एटी-एटीची लांबच लांब पुनरावृत्ती असते आणि छोट्या वाचनांना ती ओलांडता येत नाही. तो पट्टा अपुरा राहिला तरी वंशवृक्षाचं काम अडत नाही, कारण आपण तो वापरतच नाही. संच ‘अपूर्ण’ म्हणून नोंदवा. ओढूनताणून गोल करू नका.

मग सगळी वाचनं त्या संचावर परत बसवून खोलीचा, म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा वाचलं गेलं याचा, आलेख काढा. एखाद्या जागी खोली एकदम पडली किंवा दुप्पट झाली तर तिथं जोड चुकला आहे किंवा दोन जिवांची सरमिसळ आहे. आमची परजीवी माशी याच आलेखात पकडली गेली. एका कॉक्स१ वर वाचनांची खोली हजाराच्या घरात होती, दुसऱ्यावर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. केंद्रकात जाऊन बसलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या जुन्या नकलाही अशाच कमी खोलीवर दिसतात आणि त्यांत मधेच थांबे सापडतात.

सदतीस जनुकं ओळखणं

मायटॉस या साधनाला संच द्या आणि जनुकीय संकेताचा तक्ता क्रमांक ५, अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाचा, निवडा. हे विसरलात तर सगळं फसतं. नेहमीच्या संकेतात टीजीए म्हणजे थांबा. इथं ते ट्रिप्टोफॅन आहे. एटीए इथं मेथिओनिन, एजीए आणि एजीजी सेरीन. चुकीच्या तक्त्यानं जनुकात जागोजागी खोटे थांबे दिसतात आणि विद्यार्थी घाबरून चांगला संच टाकून देतात.

मायटॉस जनुकांच्या जागा बरोबर सांगतं, टोकं मात्र अनेकदा चुकवतं. प्रत्येक प्रथिन-जनुक जवळच्या प्रजातीशेजारी ठेवून हातानं तपासा. काही जनुकं नुसत्या ‘टी’वर किंवा ‘टीए’वर संपतात, आरएनएला पुढं जोडल्या जाणाऱ्या ‘ए’च्या शेपटीनं तो थांबा पूर्ण होतो, म्हणून ती चूक समजू नका. एटीपी८ आणि एटीपी६ ही जनुकं बहुतेकदा सात अक्षरांनी एकमेकांवर चढलेली असतात. सेरीनच्या दोन टी-आरएनएंपैकी एकाला, एजीएन वाचणाऱ्याला, एक हात नसतो. प्राण्यांत हे नेहमीचंच आहे.

टी-आरएनएंचा क्रम वहीत मांडा. कीटकांचा मूळ क्रम आयसोल्युसीन, ग्लुटामिन, मेथिओनिन, मग एनडी२, मग ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, टायरोसिन, मग कॉक्स१. हायमेनॉप्टेरात या दोन त्रिकुटांच्या जागीच सर्वांत जास्त उलथापालथ होते. बारीक कंबरेच्या गटांत तर क्रम फारच बदललेले आहेत, करवती माश्यांत तुलनेनं कमी. दोन जवळच्या प्रजातींत सारखाच बदल दिसला तर तो नात्याचा वेगळा पुरावा ठरतो, पण या त्रिकुटांत तोच बदल दोनदा स्वतंत्रपणेही घडू शकतो. एका अदलाबदलीवर कुळ उभं करू नका.

इतरांचे संच निवडणं

टेन्थ्रेडिनॉइडिया अधिकुळातली आर्गिडी, पेर्गिडी, सिंबिसिडी, डिप्रिओनिडी आणि टेन्थ्रेडिनिडीच्या शक्य तितक्या उपकुळांतले संच घ्या. उपलब्ध असतील तितकी अथालियाही घ्या. बाह्यगट म्हणून, म्हणजे झाडाचं मूळ ठरवायला बाहेरचे नातलग म्हणून, पॅम्फिलिडी आणि झायेलिडी पुरेत. विद्यार्थ्यांना बाह्यगटात फळमाशी नाहीतर रेशीमकिडा घालावासा वाटतो, पण इतक्या दूरच्या प्राण्यांमुळे झाडाची मुळं भलतीकडे ओढली जातात.

जेनबँकेत नाव लिहिलं आहे म्हणून ते बरोबर असेलच असं नाही. प्रत्येक संचातून बारकोड पट्टा काढून बोल्डमध्ये तपासा. कुणाचा संच कॉक्स१ पासून सुरू होतो, कुणाचा भलतीकडून. सगळे एका जागेवरून सुरू करून घ्या आणि उलट्या धाग्यावरची जनुकं सुलटी करा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथंच होतात.

जुळवणी

तेरा प्रथिन-जनुकं मिळून साधारण अकरा हजार अक्षरं होतात. प्रत्येक जनुक वेगळं, तीन-तीन अक्षरांचे शब्द न मोडता जुळवा. मॅक्स किंवा माफ्टचा अमिनो आम्लांवरून जुळवण्याचा मार्ग वापरा. थांबा-संकेत काढून टाका. आर-आरएनएची जनुकं माफ्टमध्ये दुय्यम रचना धरणाऱ्या पर्यायानं जुळवा आणि मोकळ्या, संशयास्पद जागा ट्रिमएएलनं छाटा. शेवटी सगळं डोळ्यांनी वाचा. एका ओळीत सलग दहा अक्षरं बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली तर बहुधा वाचनाचा साचा एका अक्षरानं सरकलेला असतो.

झाड बांधणं आणि त्याचा स्वभाव ओळखणं

करवती माश्यांच्या मायटोकॉन्ड्रियात ए आणि टी ही अक्षरं बहुतेकदा तीन-चतुर्थांशाहून जास्त असतात आणि तीन अक्षरी शब्दाच्या तिसऱ्या स्थानावर तर त्यांचंच राज्य. दोन वंश एकमेकांपासून दूर असले, पण दोघांतही ए-टीचं प्रमाण वाढलेलं असलं, तर साधं गणित त्यांना सख्खे भाऊ ठरवतं. शिवाय तिसरं स्थान इतक्या वेळा बदललेलं असतं की त्यातली जुनी खूण पुसली गेलेली असते. वेगानं बदललेल्या लांब फांद्या एकमेकांना चिकटतात, हा तिसरा दोष. २०१४ च्या १,४७८ केंद्रकी जनुकांच्या अभ्यासानं हायमेनॉप्टेरा हा संपूर्ण रूपांतर होणाऱ्या बाकी सगळ्या कीटकांचा भगिनी-गट असल्याचं ठामपणे दाखवलं. इतक्या जुन्या नात्यांसाठी केंद्रकातली जनुकंच लागतात ती यामुळे.

म्हणून एकच झाड बांधून थांबायचं नाही. एकाच डेटाचे चार संच करा: तिन्ही स्थानं; तिसरं स्थान वगळून; वगळलेल्याला आर-आरएनए जोडून; आणि नुसती अमिनो आम्लं. डॅम्बीनं संपृक्तता, म्हणजे वारंवार बदलून जुन्या खुणा किती पुसल्या गेल्या हे, तपासा, अलिग्रूव्हनं कोणती प्रजाती घडणीत वेगळी पडते ते पाहा. मग आयक्यू-ट्रीत जनुक आणि स्थान यांप्रमाणे विभाग करून मॉडेलफाइंडरला प्रतिमान, म्हणजे अक्षरं कशी बदलतात याचं गणित, निवडू द्या आणि प्रत्येक फांदी किती भक्कम आहे हे पाहायला हजार अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप चालवा. या पद्धतीत ९५ किंवा वरचा आकडा आला तरच फांदी पक्की धरा. जुन्या बूटस्ट्रॅपच्या ७० च्या सवयीनं इथं जाऊ नका. बरोबर एसएच-एएलआरटी ही फांदीची दुसरी कसोटीही काढा, त्याची पातळी ८०.

यानंतर फायलोबेजमध्ये कॅट-जीटीआर हे प्रतिमान. प्रत्येक जागेची घडण वेगळी असू शकते हे ते मान्य करतं, म्हणून लांब फांद्यांच्या फसवणुकीपासून ते जास्त वाचवतं. दोन साखळ्या, म्हणजे झाडाचा तोच शोध दोनदा, स्वतंत्र चालवा. त्यांच्यातला कमाल फरक ०.३ च्या खाली आल्याशिवाय थांबू नका, ०.१ खाली आला तर उत्तमच. आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर हे आठवडाभर चालतं. वीज जाते, म्हणून यूपीएस आणि मधल्या टप्प्यांची जतन केलेली फाइल हवीच.

आता चारही संचांची झाडं जमिनीवर पसरून शेजारी-शेजारी बघा. मी अजूनही कागदावरच छापतो. अथालियाची फांदी सगळीकडे टेन्थ्रेडिनिडीच्या मुख्य गटाबाहेर पडली, तर उत्तर घडणीवर अवलंबून नाही असं म्हणायला जागा आहे. तिन्ही स्थानांच्या झाडात ती बाहेर आणि अमिनो आम्लांच्या झाडात आत आली, तर तुमच्या हातात उत्तर नाही, आणि प्रबंधात तसंच लिहावं. मार्गदर्शक रागावले तरी चालेल. पुढं जाऊन, अथालियाला जबरदस्तीनं टेन्थ्रेडिनिडीत बसवलेलं झाड बांधा आणि मुक्त झाडाशी एयू चाचणीनं तुलना करा. ०.०५ च्या खाली आकडा आला तर ‘आत बसते’ ही शक्यता डेटा नाकारतो.

केंद्रकातल्या जनुकांच्या कामाशी ताडून बघणंही याच टप्प्यात येतं. २०१७ साली १७३ कीटकांच्या ३,२५६ जनुकांवरून हायमेनॉप्टेराचा मोठा वृक्ष प्रसिद्ध झाला. त्यात हा गण सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाल्याचा अंदाज आला, आणि झायेलॉइडिया, पॅम्फिलिऑइडिया व टेन्थ्रेडिनॉइडिया ही तिन्ही अधिकुळं मिळून एक खरा वंशगट असल्याचं दिसलं. तुमचं मायटोकॉन्ड्रियाचं झाड याच्याशी कुठं भांडतं ते शोधा. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडचा वंश सांगतो, हे चर्चेच्या प्रकरणात विसरू नका. काळ मोजायचा मोह होईल. झायेलिडीचे जीवाश्म ट्रायासिक काळापर्यंत मागे जातात आणि त्यांचा आधार घेता येतो. पण पहिल्या प्रकल्पात काळमापन न घेतलेलंच बरं, वर्ष त्यातच जातं.

नोंद

संच जेनबँकेत द्या, कच्ची वाचनं एसआरए या कच्च्या वाचनांच्या साठ्यात किंवा फरिदाबादच्या भारतीय जैवविज्ञान डेटा केंद्रात. नोंदीत गाव, तारीख, यजमान झाड आणि पुरावा-नमुन्याचा क्रमांक लिहा. ज्याच्या वाफ्यातून अळ्या आणल्या त्या शेतकऱ्याला वंशवृक्षाची एक छापील प्रत नेऊन द्या. आमच्या एका विद्यार्थ्यानं रेठऱ्याजवळच्या मळ्यात अशी प्रत नेली, तेव्हा तिथल्या आजोबांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, अथालियाच्या फांदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे ही मधमाशीची भाऊबंदच की! मग ही मध का देत नाही?” तो विद्यार्थी बांधावर बसून त्यांना अर्धा तास समजावत राहिला, आणि परत आल्यावर त्यानं प्रस्तावनेचं पहिलं पान पुन्हा लिहिलं.